शेजारच्या सीटखालचं चाक

१

पुलावरून गाडी गेली की पूल वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकतो, आणि वाकताना त्याच्या पोटातलं पोलाद अगदी नखाएवढंही नाही, नखाच्या धुळीएवढं ताणलं जातं. ते ताणणं मोजायचं आणि त्यावरून गाडीचं वजन काढायचं, हा माझा धंदा. चार लोकांत कोणी विचारलं तर मी 'पुलांचा काटेवाला' असं सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात.

नदीच्या पलीकडे सिमेंटचं कोठार झाल्यापासून आमच्या जुन्या लोखंडी पुलावर जड ट्रक वाढले होते. किती भार पडतो ते दोन महिने मोजून सांगा, असं रस्ते खात्याने आमच्या ऑफिसला कळवलं. मी आणि मामा कामाला लागलो. मामा म्हणजे आमचे सेन्सर बसवणारे कारागीर. वय साठीच्या जवळ, पण पुलाखालच्या अरुंद फळीवर ते असे चालतात, जसं कोणी आपल्या स्वयंपाकघरात चालतं. पुलाचा पृष्ठभाग पातळ पत्र्याचा, त्याखाली आडव्या फासळ्या. आम्ही प्रत्येक फासळीला, चाकं जिथून जातात नेमकं तिथे, एकेक सेन्सर चिकटवला. त्यामुळे गाडीचं नुसतं एकूण वजनच नाही, तर कोणत्या चाकावर किती, हेही कळायचं. साधी मोटारसुद्धा सुटत नव्हती.

सेन्सर लावून भागत नाही, ते खरं बोलतात का ते रोज बघावं लागतं. त्यासाठी आमची एक पद्धत आहे. रोज ठरावीक वेळी जाणारी, वजन माहीत असलेली एक गाडी धरायची आणि तिचं वजन रोज तेवढंच येतं का ते बघायचं. तिला आम्ही साक्षीदार म्हणतो. या वेळी साक्षीदार म्हणून मी बायकोची गाडी निवडली. ती रोज सकाळी पावणेनऊला पुलावरून दवाखान्यात जाते आणि संध्याकाळी सहाला परत येते.

एका रविवारी मी तिला गाडीसकट वजनकाट्यावर नेलं. "बायकोला काट्यावर चढवणारा नवरा जगात तू एकटाच," ती म्हणाली, पण उतरली नाही. काट्याने आकडा दाखवला, एक हजार बासष्ट किलो. गाडी एक हजार दहा, ती बावन्न.

२

ती दातांची डॉक्टर. माझी अक्कलदाढ तिने काढली आणि मी तोंडात कापसाचा बोळा धरून तिच्या प्रेमात पडलो. तेव्हा तिचा पहिला नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या लग्नाला आता दोन होतील.

घर तिचं. म्हणजे त्या दोघांचं. सोफा त्याने निवडलेला, पडदे त्याने निवडलेले, बाथरूममधला आरसाही त्याच्या उंचीला लावलेला, त्यामुळे मला दाढी करताना हनुवटी दिसत नाही. मी मनातल्या मनात त्याला 'थोरले' म्हणायचो. घरात पहिला हक्क थोरल्यांचा, मग आमचा. ती त्याच्याबद्दल कधी बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तरी चाललं असतं. ती गप्प राहायची, आणि त्या गप्प राहण्यात मला शिरायला जागा नव्हती.

सांगून टाकतो, मी मत्सरी माणूस आहे. तिच्या कंपाउंडरवरही मी महिनाभर जळत होतो आणि तो आजोबा झालेला माणूस आहे. रात्री जेवायला बसलो की मी वाढता वाढता विचारायचो, "आज कोण कोण आलं होतं?" ती पेशंटांची नावं सांगायची, आणि मी त्यातले पुरुष मोजायचो. तिला हे कळत होतं. ती माझ्या गालावर चापट मारायची आणि म्हणायची, "बत्तीस दात होते सगळ्यांना. पुरे?"

३

पहिला आठवडा साक्षीदार शहाण्यासारखा वागला. एक हजार साठ, त्रेसष्ट, एकसष्ट. दोन-तीन किलो इकडेतिकडे होतात, त्याचं काही नाही.

दुसऱ्या सोमवारी सकाळचा आकडा आला, एक हजार एकशे सहा.

मी आधी चहा संपवला. मग चाकं वेगवेगळी काढून बघितली. ड्रायव्हरकडच्या चाकांवर जवळजवळ काहीच फरक नव्हता. फरक सगळा शेजारच्या सीटखालच्या चाकावर आणि थोडा त्याच्या मागच्या चाकावर होता. चव्वेचाळीस किलो.

संध्याकाळी परत येताना पुन्हा एक हजार बासष्ट.

"आज सकाळी गाडीत कोणी होतं का?" मी रात्री जेवताना विचारलं.

"कोण असणार?"

"सहज विचारलं. काही सामान वगैरे?"

"डबा होता. तूच भरून दिलास." तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मंगळवारीही सकाळी चव्वेचाळीस. बुधवारी त्रेचाळीस, गुरुवारी पंचेचाळीस. संध्याकाळी मात्र रोज एकटी. म्हणजे आमचं घर आणि पूल यांच्यामध्ये कुठेतरी कोणीतरी गाडीत बसत होतं आणि ती मला सांगत नव्हती. चव्वेचाळीस किलो म्हणजे कोणी हडकुळा. मी तिच्या ओळखीतले सगळे हडकुळे आठवून काढले. झोप लागेना.

४

शुक्रवारी मी मामांना फासळ्या तपासायला पाठवलं. ते तासाभराने हात पुसत वर आले.

"साहेब, सगळे घट्ट आहेत. एकही सुटलेला नाही."

"वायरमध्ये पाणी?"

"माझ्या वायरमध्ये पाणी?" मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमच्या गणितात असेल बघा."

मग आम्ही ऑफिसची गाडी घेतली. शेजारच्या सीटवर वाळूचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं आणि पुलावरून दहा फेऱ्या मारल्या. यंत्राने पन्नास, एक्कावन्न, एकोणपन्नास असे आकडे दिले. वाळू उतरवली, तर शून्य. मामा माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत राहिले.

मला यंत्रात चूक हवी होती. नाही सापडली, तेव्हा मी कॅमेऱ्याकडे गेलो. पुलाच्या कमानीवर एक कॅमेरा आहे, गाड्यांचे प्रकार मोजायला लावलेला. तो समोरून फोटो काढतो. साक्षीदाराच्या गाडीचे फोटो काढून बघण्याचं माझ्या कामाला काही कारण नव्हतं. तरी मी ऑफिसच्या खोलीचं दार लोटलं आणि एकेक उघडत गेलो.

सोमवार. ती एकटी. मंगळवार, बुधवार, एकटी. शेजारची सीट रिकामी, उन्हात सीटचं कापडसुद्धा स्पष्ट दिसत होतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मी मोठ्याने हसलो. मग मी पुन्हा सोमवारचा फोटो उघडला, कारण काहीतरी डोळ्याला खुपलं होतं.

रिकाम्या सीटला पट्टा लावलेला होता. वरून तिरका खाली आलेला, कुलपात अडकवलेला. पण तो सीटला चिकटून नव्हता. पट्टा आणि सीटची पाठ यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं.

तिच्या गाडीत सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर गाडी टुणटुण वाजत राहते. पट्टा लावला की थांबते. मी हे उगाच स्वतःशी दोनदा म्हटलं.

गुरुवारच्या फोटोत तिने मान शेजारच्या सीटकडे वळवली होती आणि ती हसत होती. डोळे बारीक झालेले, वरचे सगळे दात दिसत होते. दोन वर्षांत ती माझ्याशी असं हसलेली मला आठवेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

५

पुढचे तीन आठवडे मी काकदृष्टीने आकडे बघत राहिलो. वजन वाढत होतं. दुसऱ्या आठवड्यात चव्वेचाळीस होतं, तिसऱ्यात सत्तेचाळीस, चौथ्यात बावन्न, पाचव्यात छप्पन्न. फोटोत सीट रिकामीच. पट्टा मात्र दर आठवड्याला बोटभर जास्त पुढे आलेला.

मी बायकोला विचारत राहिलो. कधी हसत, कधी चिडून. ती कानावर हात ठेवायची. एकदा म्हणाली, "तुम्ही पुरुष सगळे सारखेच. विचारून विचारून जीव खाता." मला वाटलं, सगळे म्हणजे मी आणि आणखी कोण? पण ते विचारलं नाही.

गाडीच्या विम्याचा कागद शोधताना मला तिच्या खणात एक प्लॅस्टिकची फाइल सापडली. विम्याचा कागद मला तेव्हा नको होता, हेही कबूल करतो. फाइल हॉस्पिटलची होती, थोरल्यांची. आठ महिन्यांचं आजारपण. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यात वर एक तक्ता, ज्यात दर महिन्याला एकदा पेशंटचं वजन लिहिलेलं.

शहात्तर. बहात्तर. सदुसष्ट. त्रेसष्ट. छप्पन्न. बावन्न. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस.

त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. खालून वर वाचलं. पुन्हा वाचलं. तिथला एक महिना म्हणजे इथला एक आठवडा. योगायोग असू शकतो, चार आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी नव्या इंजिनिअरांना शिकवतो. शिकवतो तसंच केलं. तर्क खरा की खोटा, हे पुढचा आकडा आधी सांगून ठरवायचं. मी माझ्या वहीत लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात त्रेसष्ट' आणि खाली तारीख घातली.

पुढच्या आठवड्यात त्रेसष्ट आले. त्याच्या पुढच्या आठवड्यासाठी मी सदुसष्ट लिहिले, तेही आले.

थोरले बरे होत होते.

६

एवढं झाल्यावर शहाणा माणूस घाबरला असता, तिच्याशी बोलला असता, कोणाकडे तरी गेला असता. मी जळलो. जिवंत माणूस असता तर त्याची कॉलर धरता आली असती. त्याच्यापेक्षा चांगलं वागून दाखवता आलं असतं. हा मेलेला आणि तरी दर आठवड्याला चार किलोने सुधारत होता. आणि ती त्याला रोज सकाळी फिरवून आणत होती, त्याच्याशी हसत होती.

आता तो गाडीत कुठे चढतो ते मला बघायचं होतं. एका सकाळी मी ऑफिसला लवकर जातो म्हणून सांगितलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येऊन कुंपणाच्या आड उभा राहिलो. हातात मोजपट्टी होती. आदल्या संध्याकाळी मी गाडीच्या चारही चाकांवरचं, टायर आणि पत्रा यांमधलं अंतर मोजून ठेवलं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. हातात आकडा असला की मला बरं वाटतं.

साडेआठला घराचं दार उघडलं. ती बाहेर आली, पर्स खांद्याला. पायरी उतरताना तिने एक हात मागे धरला होता, बोटं किंचित वाकवलेली. मागे कोणी नव्हतं. ती एका वेळी एकच पायरी उतरत होती. एरवी ती धाडधाड उतरते.

तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. गाडी त्या बाजूला खाली दबली. सावकाश दबली आणि तशीच राहिली. मग तिने आत वाकून पट्टा लावला.

ती ड्रायव्हरच्या बाजूला गेली. काच खाली होती. "सांगितलं ना, ऑफिसला गेला," ती म्हणत होती, "आज लवकर गेला." मग गाडी निघून गेली.

मी मोजपट्टी खिशात घातली. तो वाटेत कुठे चढत नव्हता. तो आमच्या घरातून निघत होता.

७

पूल बंद करायचा, हे मी त्या दिवशी दुपारी ठरवलं. पूल नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर ती सकाळची सैर नाही. दुसरा पूल दीड तासाच्या वळशावर. दवाखाना तर पुलाच्या पलीकडच्या टोकालाच, ती पायी जाईल. एकटी जाईल.

हे करणं फार सोपं होतं, म्हणून मला अजून लाज वाटते. पोलाद उन्हात आपोआप ताणलं जातं. आम्ही ते ताणणं आधी वजा करतो, मग उरलेलं वजनाचं मानतो. मी ते वजा केलं नाही. एवढंच. दुपारच्या उन्हाचा ताण ट्रकांच्या नावावर चढला आणि कागदावर तीन फासळ्या मोडायच्या बेतात आल्या. शेवटी लिहिलं, सर्व वाहनांसाठी तात्काळ बंद, पादचाऱ्यांना हरकत नाही.

मोठ्या साहेबांनी चष्मा वर करून शेवटचं पान वाचलं आणि सही केली. खात्याचे लोक तर असल्या कागदाला घाबरतातच. शनिवारपासून पूल बंद, असं शुक्रवारी जाहीर झालं.

मामा संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात माझाच आलेख होता.

"साहेब, हा ताण रोज दुपारी दोनला चढतो आणि सूर्य उतरला की उतरतो. ट्रक काय सूर्य बघून येतात?"

"मामा, तुम्ही सेन्सर बसवा."

"उन्हाचं वजा करा, हे तुम्हीच मला शिकवलंत." त्यांनी आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी दुसरी फाइल पुढे ओढली. त्यांनी आलेख माझ्यापुढे ठेवला आणि दिवा तसाच चालू ठेवून गेले.

८

शनिवारी मला सुट्टी असते, तिला नसते. आठ वाजता मी टोस्ट भाजत होतो, मनात शीळ घालत होतो. या आठवड्यात बहात्तर झाले होते. सोमवारी शहात्तर होणार होते, म्हणजे आजारपणाच्या आधीचं वजन, धडधाकट माणसाचं. त्याच्या आत मी बाजी मारली होती.

ती तयार होऊन आली आणि खुर्चीवर बसली. चहाला हात लावला नाही.

"पूल कोणी बंद केला?"

"खात्याने."

"रिपोर्ट कोणाचा होता?"

मी टोस्टला लोणी लावत राहिलो.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कधीपासून?"

"गाडी पहिल्यांदा जड झाली तेव्हापासून." मग माझा तोल गेला. "काय कळायचं बाकी आहे? रोज सकाळी त्याला शेजारी बसवून नेतेस. हसतेस. माझ्याशी हसली आहेस कधी तशी?"

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती नुसती दमलेली दिसली. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ते दोन महिन्यांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी आकडे बघत होतो.

"मी त्याला हसवत होते," ती म्हणाली. "दुसरं काय करणार होते? तो सारखं तुझ्याबद्दल विचारतो. तू कुठे झोपतोस. कोणत्या बाजूला. घरी कधी एकटा असतोस. मी विषय बदलते, काहीबाही सांगते. पूल येईपर्यंत सांगत राहते."

"कुठे नेतेस त्याला?"

"इथून नेते."

तिने चहाचा कप बाजूला सारला.

"पलीकडे, जिथे सुचेल तिथे सोडते आणि पळत दवाखान्यात जाते. संध्याकाळी येते, तर तो माझ्या आधी घरात असतो. पण मी असले की तो माझ्यापाशीच बसतो, तुझ्याकडे जात नाही." तिने कपाळ चोळलं. "दिवसा तू कधी घरी आलास, तर घरात कोणी नसावं. एवढंच जमत होतं मला."

"मग आज घेऊन जा. पायी ने." मी हे बोललो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"विचारलं त्याला. नाही म्हणतो." ती उठली, पर्स घेतली. "म्हणतो, बरंच झालं पूल बंद झाला. आज घरीच थांबतो."

"मग तूही थांब. दवाखाना बंद ठेव."

"मी थांबले होते, तो आला त्या आठवड्यात एकदा. तू आंघोळीला गेलास, तेव्हा तो उठून दाराशी गेला. मी हाताला धरून मागे आणला. तेव्हा चव्वेचाळीस किलोचा होता." तिने सँडलचा पट्टा ओढला. "आता मला आवरत नाही. तू चल माझ्याबरोबर. आत्ता. चप्पल घाल आणि चल."

मी उठलो असतो. शपथेवर सांगतो, उठायच्या बेतात होतो. पण माझ्या डोक्यातला किडा तेवढ्यात वळवळला. ही मला घराबाहेर का काढते? मी गेलो की मागे कोण राहणार? कोणासाठी रिकामं करते हे घर?

"तू हो पुढे," मी म्हणालो. "घर माझंही आहे."

ती दारापर्यंत गेली. मग माझ्या खांद्यावरून, मागच्या खोलीकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला काही करू नकोस." आणि ती निघून गेली. ते कोणाला म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं आणि आताही कळतं.

९

मी दार आतून लावलं. मग लावलं म्हणून वाईट वाटलं आणि कडी काढून ठेवली. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या एका टोकाला बसलो आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

पुलावर गाड्या नव्हत्या. सगळ्या रेषा सपाट, इतक्या शांत मी कधी पाहिल्या नव्हत्या. पायवाटही त्याच फासळ्यांवर आहे. एरवी माणसाचं पाऊल ट्रकांच्या गदारोळात कुठल्या कुठे हरवतं. आज ते दिसणार होतं.

पावणेनऊला पहिल्या फासळीवर छोटंसं टिंब उठलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. उजवं पाऊल, डावं पाऊल. मी गणित लावलं. बावन्न किलो. मी त्या टिंबांच्या मागेपुढे, आजूबाजूला शोध शोध शोधलं. दुसरं काही नव्हतं. ती एकटी होती. सात आठवड्यांत पहिल्यांदा ती सकाळी पुलावर एकटी होती, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

पुलाच्या मध्यावर टिंबं थांबली. एका फासळीवर बावन्न किलो, न हलता. ती वळून घराच्या दिशेला बघत असावी. मी तिला फोन करायला हात पुढे केला, की चल, मी येतो, तिथेच थांब, मी चप्पल घालतो.

तेवढ्यात सोफ्याचं दुसरं टोक दबलं.

धपकन नाही. कोणी शहाणं माणूस हाताने आधार घेऊन, आपलं वजन बेताबेताने टाकत बसतं, तसं. आतल्या स्प्रिंगा एकामागून एक वाजल्या. उशीत खड्डा पडला, खोल पडला आणि त्या उतारावर मी आपोआप तिकडे कललो. लॅपटॉप मांडीवरून थोडा घसरला. माझ्या दंडाला काहीतरी लागलं. ते थंड नव्हतं. घरातल्या माणसाचं असतं तितकंच ते कोमट होतं.

मी मान वळवली नाही. पडद्यावर ती निघाली होती. एक टिंब, मग दुसरं, मग तिसरं, घराकडे पाठ करून पलीकडे. पलीकडच्या शेवटच्या फासळीवर एकदा उठून टिंब नाहीसं झालं आणि सगळ्या रेषा पुन्हा सपाट झाल्या.

शेजारून कोणीतरी पडद्याकडे वाकून बघत होतं. आम्ही दोघं त्या सपाट रेषा बघत बसलो. नऊ वाजले होते, आणि ती सहाला येते.